‘अज्ञात इसम’ लिहून अर्ज दप्तरी करण्याआधी : विदर्भातील ग्रामीण ठाणेदारांना खुले पत्र

प्रति,
मा. ठाणेदार, ठाणे अंमलदार व बीट जमादार,
विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील सर्व ग्रामीण पोलीस ठाणी

विषय : निनावी एसएमएस पाठवणाऱ्याचा शोध आणि त्यासाठी तक्रार नोंदवून घेण्याबाबत

महोदय,

पेरणीच्या तोंडावर बियाण्यांच्या ऑफरचे, कापसाचा चुकारा खात्यात आला की झटपट कर्जाचे आणि बारा महिने ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल’ असे एसएमएस गावोगावच्या फोनवर येत असतात. कास्तकार तो संदेश घेऊन ठाण्यात आला की बहुतेक वेळा तीन उत्तरांपैकी एक मिळते. नंबर ब्लॉक करा. पैसे गेले नाहीत ना, मग तक्रार कशाची? किंवा सायबरचे काम जिल्ह्याला होते, तिकडे जा. फार आग्रह धरला तर अर्ज घेतला जातो आणि काही महिन्यांनी ‘अज्ञात इसम, शोध लागला नाही’ असा शेरा मारून तो दप्तरी दाखल होतो.

एसएमएस पाठवणारा तक्रारदाराला अज्ञात असतो, पण दूरसंचार कंपनीच्या दप्तराला सहसा तो अज्ञात नसतो. साधा एसएमएस जाळ्यातून जायचा तर एक तर सिम लागते, नाही तर नोंदणी केलेले शीर्षक, ज्याला कंपन्या ‘हेडर’ म्हणतात. दोन्हींच्या मागे ओळखपत्र, पत्ता, विक्रेता आणि पैसे भरल्याची नोंद असते. ही नोंद कास्तकाराला कोणी देत नाही. खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही. नको असलेल्या जाहिरातींसाठीच्या १९०९ या क्रमांकावर तक्रार केली किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ या सोयीवर कळवले तर नंबर बंद होऊ शकतो, पण नाव समजत नाही. ते नाव मागण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने न्यायालयाला आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला दिला आहे. म्हणून हे पत्र दूरसंचार कंपन्यांना किंवा मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

संदेश कुठून आला, हे वाचण्याची रीत

तक्रारदार समोर बसला की आधी मजकूर बाजूला ठेवून पाठवणाऱ्याची जागा पाहावी. तिथे अक्षरी हेडर असेल तर वाट एक आणि दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर वाट वेगळी.

हेडरमधली रेघेआधीची दोन अक्षरे पाठवणाऱ्याची नसतात. त्यातले पहिले अक्षर दूरसंचार कंपनीचे : ‘ए’ म्हणजे एअरटेल, ‘जे’ म्हणजे जिओ, ‘व्ही’ म्हणजे व्होडाफोन आयडिया, ‘बी’ म्हणजे बीएसएनएल. दुसरे अक्षर संदेश ज्या दूरसंचार मंडळातून निघाला त्याचे, जसे ‘एम’ म्हणजे मुंबई. त्यामुळे एकाच संस्थेचे संदेश आज ‘व्हीएम’, उद्या ‘जेएम’ असे येतात आणि लोकांना ते वेगवेगळे लोक वाटतात. अर्जात कधी फक्त ही दोन अक्षरेच लिहिलेली दिसतात, तेव्हा तो अर्ज तपासाला निरुपयोगी ठरतो. खरी ओळख रेघेनंतरच्या सहा अक्षरांत असते. महावितरणचे हेडर ‘एमएसईडीसीएल’ आहे. दहा आकडी मोबाइल नंबरवरून वीज कापण्याची धमकी आली आणि खाली फोन करायला दुसरा नंबर दिला असेल, तर तो संदेश महावितरणचा नाही, एवढे जागेवरच सांगता येते.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२५ मध्ये केलेल्या नियमांच्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी आणखी एक अक्षर येते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे ओटीपीसारखा व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. जाहिरात ‘एस’च्या आडून आली असेल तर तोच मुळात नियमभंग आहे आणि तक्रारीत तो स्पष्ट लिहावा.

मधली सहा अक्षरे ‘ट्राय’च्या हेडर शोधण्याच्या पानावर टाकली की ते हेडर कोणत्या संस्थेच्या नावावर आहे ते दिसते. ठाण्यातल्या संगणकावर दोन मिनिटांचे काम आहे. संस्था कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता मिळतो. पुढचे पत्र दूरसंचार कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला जाते आणि त्यात नुसते ‘या हेडरची माहिती द्यावी’ असे लिहून भागत नाही. तसे लिहिले तर उत्तरात तेच नाव परत येते, जे आपल्याला आधीच दिसले होते. मागायचे ते असे : त्या संस्थेचा नोंदणी क्रमांक, नोंदणीच्या वेळी दिलेली कागदपत्रे व पॅन, अधिकृत व्यक्तीचे नाव आणि मोबाइल, हा संदेश मजकुराच्या ज्या आधी मंजूर साच्यातून गेला त्या साच्याचा क्रमांक, तक्रारदाराने संमती दिल्याची नोंद असेल तर ती, आणि संस्थेपासून शेवटच्या टेलिमार्केटरपर्यंतची, म्हणजे तिच्या वतीने संदेश पाठवणाऱ्या मधल्या कंपन्यांची, पूर्ण साखळी.

या साखळीवर आमचा भर आहे, कारण फसवणूक बहुधा तिथेच होते. हेडर एखाद्या खऱ्या पतसंस्थेचे किंवा दुकानाचे असते, पण तिच्यासाठी संदेश पाठवणाऱ्या मधल्या कंपनीचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागलेला असतो. किंवा मंजूर साच्यात मोकळी सोडलेली जागा असते आणि नाव-रकमेच्या ठिकाणी तिथे भलताच मजकूर भरला जातो. अशा वेळी हेडरच्या मालकाला थेट आरोपी केले तर खटला टिकत नाही आणि खरा माणूस सुटतो. ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातल्या लिंका आधी मंजूर करून घ्याव्या लागतात आणि डिसेंबर २०२४ पासून संस्था ते टेलिमार्केटर ही सगळी साखळी जाहीर नसेल तर संदेश अडवला जातो. म्हणजे संदेश पोहोचला असेल तर साखळी कंपनीकडे असायला हवी. ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर ते लेखी घ्या. तो स्वतंत्र पुरावा आहे.

दहा आकडी नंबर

ग्रामीण भागातली बहुतेक फसवणूक इथून येते. पहिली चूक नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ठरवण्याची होते. नंबर दुसऱ्या कंपनीत नेलेला असू शकतो. चुकीच्या कंपनीला पत्र गेले की ‘आमचा ग्राहक नाही’ असे उत्तर यायला काही आठवडे जातात. आधी सध्याची कंपनी सायबर शाखेकडून खात्री करून घ्यावी, मगच पत्र काढावे.

कॉलचा तपशील, म्हणजे सीडीआर, पोलीस अधीक्षक दर्जाच्या मंजुरीनेच मिळतो. ठाण्याची मागणी अधीक्षक कार्यालयातून जाते, तेव्हा ती पहिल्याच वेळी पूर्ण असावी. आमच्या मते मागणीचा मजकूर असा असावा :

‘गुन्हा क्रमांक अमुकच्या तपासकामी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ९४ अन्वये खालील माहिती द्यावी. सदर मोबाइल क्रमांकाचा ग्राहक अर्ज, ओळखीची कागदपत्रे, सिम सुरू झाल्याची तारीख व वेळ, सिम विकणाऱ्याचा कोड, नाव व पत्ता. घटनेच्या १५ दिवस आधीपासून १५ दिवस नंतरपर्यंतचा सीडीआर, आयएमईआय, आयएमएसआय व टॉवरसह. याच आयएमईआयमध्ये त्या काळात चाललेले इतर सर्व क्रमांक. सुरुवातीपासूनच्या सर्व रिचार्जची तारीख, रक्कम, माध्यम व भरणाऱ्याची ओळख. तसेच तक्रारदाराच्या क्रमांकावर सदर दिवशी आलेल्या एसएमएसची नोंद.’

यातली प्रत्येक ओळ कशासाठी, तेही सांगतो. आयएमईआय म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक आणि आयएमएसआय म्हणजे सिमचा. सिम ज्याच्या नावावर आहे तो माणूस अनेकदा पाठवणारा नसतोच. सिम घेताना ‘अंगठा नीट उमटला नाही’ म्हणून मजुराचा अंगठा दोनदा घेतला जातो आणि त्याच्या नावावर दुसरे सिम निघते. त्याला ते ठाऊकही नसते. पण त्या अर्जावर विक्रेत्याचा कोड असतो. एकाच कोडवरून निघालेली पाच-दहा सिमे अशा गुन्ह्यांत आली तर तपासाची दिशा विक्रेत्याकडे वळते. १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी बंद झाली आहे, त्यामुळे त्यानंतरच्या सिमेचा अर्ज, फोटो आणि वेळ संगणकावर असते. फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवणाऱ्याला दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. प्रथम खबरीत ते फार कमी वेळा दिसते, आणि दिसायला हवे.

रिचार्जची ओळ सर्वांत उपयोगी पडते. सिम दुसऱ्याच्या नावावर घेता येते, पण दर महिन्याचे रिचार्ज कोणीतरी आपल्या खिशातून भरत असतो. यूपीआयने भरले असेल तर त्या यूपीआयमागे बँक खाते आणि त्यामागे केवायसी असते. दुकानातून भरले असेल तर दुकान कळते आणि तिथला कॅमेरा मिळण्याची शक्यता असते, मात्र त्याचे चित्रण लवकर पुसले जाते.

आयएमईआय पडताळताना एक बारीक गोष्ट पाहावी. आयएमईआय १५ आकड्यांचा असतो, पण सीडीआरमध्ये शेवटचा आकडा बहुधा शून्य छापलेला येतो. पूर्ण १५ आकडे जुळवायला गेले की ‘हा फोन वेगळा’ असे वाटते आणि दुवा सुटतो. पहिले १४ आकडे जुळवावेत. उलट, स्वस्त नकली फोनांत एकच आयएमईआय शेकडो हँडसेटना असतो. तेव्हा नुसत्या आयएमईआयवरून कोणाला ताब्यात घेऊ नये, टॉवर आणि वेळही जुळायला हवी.

सीडीआर हाती आला की आधी त्याची चाल पाहा. माणसाच्या फोनला कॉल येतात, जातात, रात्री तो शांत असतो. साध्या रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, म्हणून धंदा करणारे अनेक सिमे एकत्र चालवतात. त्यातले प्रत्येक सिम शंभरच्या आसपास संदेश पाठवते, एकही कॉल येत नाही, टॉवर हलत नाही. ही चाल दिसली की एक सिम शोधून भागत नाही, त्याच टॉवरवर त्याच आयएमईआयच्या मालिकेतली बाकीची सिमेही मागवावी लागतात.

आणि एक कळकळीची विनंती. संदेश ज्या नंबरवरून आला तो नंबर फसवलेल्या माणसाचाही असू शकतो. ‘पीएम किसान’ किंवा बँकेच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल कोणी फोनमध्ये बसवली की तो फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि त्याच्या नकळत पुढच्या लोकांना संदेश पाठवू लागतो. शेजारच्या गावच्या शाळा मास्तरांच्या नंबरवरून कर्जाची लिंक आली, तर मास्तरांना गुन्हेगारासारखे बोलावण्याआधी त्यांचा फोन पाहावा. तो फोन पुराव्याचे घर आहे. त्यातली फाइल पुसू नये, फोन रीसेट करू नये, विमान मोडवर टाकून सायबर शाखेला दाखवावा.

मजकुरात यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक असेल तर सिमेच्या आधी बँकेला पत्र द्या. पैशाचा माग सिमेच्या मागापेक्षा लवकर माणसापर्यंत नेतो. पैसे गेलेच असतील तर सगळे बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंद करावी, कारण रक्कम पहिल्या काही तासांतच गोठवता येते.

लिंक असेल तर ती उघडू नये, दाबून धरून तिचा पत्ता अक्षरशः उतरवावा, लहान-मोठ्या अक्षरांसह. त्या संकेतस्थळाच्या नोंदीतून आयपी पत्ता मिळाला तर दूरसंचार कंपनीला आयपीसोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ द्यावी लागते, कारण एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहक वापरतात. परदेशी सर्व्हरच्या नोंदीतली वेळ बहुधा आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. हा फरक न धरल्याने भलत्याच ग्राहकाचे नाव येते. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी अशा नोंदी १८० दिवस ठेवणे बंधनकारक केले आहे, सीडीआर मात्र कंपन्यांनी किमान दोन वर्षे ठेवायचा असतो. अर्ज सात महिने पडून राहिला तर लिंकचा माग हातचा गेला असे समजावे.

नोंदच सापडत नाही तेव्हा

कधीकधी तक्रारदाराच्या फोनवर संदेश दिसतो आणि कंपनी सांगते की असा एसएमएस आमच्या नोंदीत नाही. तेव्हा तक्रारदार खोटे बोलतो असे धरू नये. तो संदेश एसएमएस नसून इंटरनेटवरून आलेला आरसीएस चॅट असू शकतो, दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात. संदेशाच्या तपशिलात प्रकार लिहिलेला असतो, तो पाहा. तसेही नसेल तर जवळपास बनावट टॉवर चालवल्याची शक्यता उरते. असे यंत्र गाडीत ठेवून परिसरातल्या फोनना टू-जीवर ओढते आणि हव्या त्या हेडरने संदेश टाकते, कंपनीच्या जाळ्याला त्याचा पत्ताही नसतो. एकाच बाजारच्या दिवशी, एकाच गावात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमांवर तोच संदेश काही मिनिटांत आला असेल तर ही खूण समजावी आणि दूरसंचार विभागाला तातडीने कळवावे.

तक्रार घेताना

स्वतंत्र सायबर ठाणे जिल्ह्याला आहे, म्हणून तालुक्याचे ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. मजुरी बुडवून, भाडे भरून माणूस तिथे जाणार नाही, आणि त्याला तिकडे पाठवणे म्हणजे तक्रार नाकारणेच झाले.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि अनेक ग्रामीण ठाण्यांचा प्रभार सहायक पोलीस निरीक्षकांकडे असतो. पण हा अडथळा तपासाला आहे, नोंदणीला नाही. गुन्हा आपल्या ठाण्यात दाखल करावा आणि तपास निरीक्षकाकडे वर्ग करावा. हे उलट झाले, म्हणजे सहायक निरीक्षकाने तपास करून दोषारोपपत्र पाठवले, तर बचाव पक्षाचा पहिला मुद्दा तोच असतो.

‘पैसे गेले नाहीत’ हे कारणही पुरेसे नाही. दुसऱ्याचे नाव घेऊन संगणकीय साधनाने फसवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड मध्ये येते. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये, तोतयेगिरी ३१९ मध्ये आणि गुन्ह्याचा प्रयत्न कलम ६२ मध्ये आहे. धमकी असेल आणि नाव लपवलेले असेल तर कलम ३५१ च्या पोटकलम ४ खाली शिक्षा वाढते. प्रकरण अदखलपात्र ठरत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची परवानगी मागावी, कारण तिच्याशिवाय तपास होत नाही आणि तपासाशिवाय सीडीआर मिळत नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करायची असेल तर उपअधीक्षकांच्या परवानगीने ती १४ दिवसांत संपवायची आहे. अर्ज ‘चौकशीवर’ महिनोन्‌महिने ठेवण्याची सोय कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ मात्र लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे.

पुराव्याबाबत सर्वाधिक नुकसान एका साध्या सवयीने होते. ‘तो मेसेज माझ्या व्हॉट्सॲपवर पाठव’ असे तक्रारदाराला सांगितले जाते. तसे केले की हेडर जाते, वेळ जाते, उरतो तो नुसता मजकूर, जो कोणीही टाइप करू शकतो. त्याऐवजी मूळ फोनवर संदेश उघडून पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. दोन सिमांचा फोन असेल तर कोणत्या सिमेवर आला ते जबाबात लिहावे. ट्रूकॉलरने दाखवलेले नाव जबाबात घेऊ नये. ते लोकांच्या फोनमधल्या नोंदींवरून येते, ओळखपत्रावरून नाही. मेळघाटात किंवा भामरागडकडे नेटवर्क जाते-येते, संदेश कित्येक तास उशिरा पोहोचतो. म्हणून पाठवल्याची आणि मिळाल्याची अशा दोन्ही वेळा तपशिलातून उतरवाव्यात, नाहीतर सीडीआरशी मेळ बसत नाही. एसएमएसचा मजकूर सीडीआरमध्ये नसतो हेही ध्यानात ठेवावे. मजकुराचा पुरावा तक्रारदाराचा फोनच आहे.

त्या फोनच्या भीतीने लोक तक्रार देत नाहीत. फोन जमा झाला की बँकेचा ओटीपी थांबतो, ई-पीक पाहणी थांबते, मुलीच्या कॉलेजचा अर्ज थांबतो. जप्तीचे चित्रीकरण करावे, आवश्यक प्रती काढून त्यांची हॅश व्हॅल्यू, म्हणजे प्रतीत नंतर बदल झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, पंचनाम्यात लिहावी आणि संदेश न पुसण्याच्या व बोलावल्यावर फोन हजर करण्याच्या अटीवर तो लवकरात लवकर सुपुर्दनाम्यावर परत मिळेल असे पाहावे. प्रतींसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’, तेव्हाच तयार करावे, दोन वर्षांनी साक्षीच्या आदल्या दिवशी नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याखाली सांगितले होते की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, प्रतींना मात्र ते हवेच.

जाहिरातींचा भार ठाण्यावर नको

नुसत्या त्रासदायक जाहिरातीसाठी गुन्हा दाखल करा असे आमचे म्हणणे नाही. त्यासाठी १९०९ आहे आणि ठाणे अंमलदाराने माणसाला नीट वाट दाखवली तरी मोठे काम होईल. ज्या सिमेवर संदेश आला त्याच सिमेवरून १९०९ ला एसएमएस करायचा : आधी आलेला मजकूर, स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा हेडर, स्वल्पविराम, तारीख. मुदत सात दिवसांची आहे. पूर्वी ती तीन दिवसांची होती आणि बाजारच्या दिवशीच गावाबाहेर पडणाऱ्याला ती पुरत नसे. उत्तरात येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रारीसाठी आधी डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, केलेली असण्याची गरज २०२५ च्या दुरुस्तीने काढली आहे.

त्याच दुरुस्तीतली एक गोष्ट गावाला फार कामाची आहे. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कंपनीला कारवाई करावी लागते. पहिल्या वेळी त्या पाठवणाऱ्याची जाणारी सेवा १५ दिवस बंद होते, पुन्हा केले तर सर्व कंपन्यांतली त्याची जोडणी एका वर्षासाठी तुटते. बोगस बियाण्यांचा संदेश गावात पन्नास जणांना येतो आणि पन्नास जण तो पुसतात. त्यातल्या पाच जणांनी पानठेल्यावर बसून आपापल्या फोनवरून १९०९ ला कळवले तर तो नंबर पेरणी संपायच्या आत बंद पडू शकतो. पोलीस पाटलांना एवढे शिकवले तर ते प्रत्येक गावात करून घेतील. बियाण्यांच्या संदेशाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडेही द्यावी.

फसवणुकीचा संशय आहे पण पैसे गेलेले नाहीत असा संदेश ३० दिवसांच्या आत ‘चक्षू’वर कळवता येतो. तो कळवल्याने आपली प्रथम खबर अनावश्यक होत नाही आणि नंबर बंद झाल्याने जुना सीडीआर नाहीसा होत नाही.

प्रत्येक तपास माणसापर्यंत पोहोचेल असे आम्ही म्हणत नाही. नंबर परदेशी असेल, सिमे दुसऱ्या राज्यात फेकून दिलेली असतील, खाती भाड्याने घेतलेली असतील, तर साखळी मध्येच तुटते. पण ती कुठे तुटली ते फाइलमध्ये दिसले पाहिजे : कोणत्या कंपनीला कोणत्या तारखेला काय मागितले, काय आले, काय आले नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची असते, त्या पत्रात हे तपशील लिहावेत. विक्रेत्याचा कोड, रिचार्जचा यूपीआय, आयएमईआयचे पहिले १४ आकडे सायबर शाखेच्या नोंदीत राहिले तर वाशीमला तुटलेली साखळी उद्या गोंदियाच्या गुन्ह्यात जुळू शकते.

आमची मागणी आत्तापुरती तीन कागदांची आहे. वर दिलेला मागणीचा मजकूर, हेडर वाचण्याची रीत आणि १९०९ चा नमुना, हे तिन्ही प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली लावावेत. छापून द्यायला आणि एक दिवस येऊन समजावून सांगायला आम्ही तयार आहोत, आपण वार कळवावा.

आपले,
तालुका न्यायालयांत वकिली करणारे, सेवा केंद्रे चालवणारे आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने असलेले काही जण
वर्धा, यवतमाळ व अमरावती जिल्हे